रोजचे १,३३४ शब्द

२०२४च्या नोव्हेंबरात मी एका कादंबरीचा पहिला खर्डा लिहिला. त्याआधीची अकरा वर्षे ही कादंबरी माझ्याकडे केवळ पहिल्या प्रकरणाच्या रूपाने होती. ते प्रकरण मी तीन वेळा पूर्ण नव्याने लिहिले होते. दर वेळी ते संपले की मी वाचून पाही, त्यात काहीतरी उणे आढळे आणि मी पुन्हा पहिल्या ओळीशी येऊन बसे. दुसऱ्या प्रकरणात काय घडणार हे मला ठाऊक होते, पुढे शेवटही ठाऊक झाला; मधली सगळी माणसे मात्र अकरा वर्षे दाराबाहेर तिष्ठत उभी होती.

मी सांगलीत एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. कादंबरी हरिपुरातील एका कुटुंबाची आहे. हरिपूर हे सांगलीला लागून असलेले, कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे गाव, आणि तेथील मातीत खणलेली पेवे ही त्याची जुनी ओळख. पेवाचे तोंड अरुंद असते आणि आत ते रुंद होत जाते. त्यात भरलेली हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. २००५च्या महापुरात बहुतेक पेवांत पाणी शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ती व्यवस्था मोडून पडली. माझ्या कादंबरीतील म्हातारा त्या पुरात आपली पेवे गमावतो, आणि चौदा वर्षांनी, २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा, त्याच्या मुलाचे गावभागातील घर बुडते. दोन पुरांच्या मधली चौदा वर्षे ही खरी कादंबरी आहे. पूर मी पाहिलेले असल्याने ते मला लिहिता येत होते. ती मधली चौदा वर्षे येत नव्हती.

महिनाभरात कादंबरीचा खर्डा पुरा करण्याची कल्पना अर्थातच माझी नव्हे. १९९९च्या जुलैमध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी यांच्या पुढाकाराने २१ जणांनी ती प्रथम अमलात आणली, आणि पुढच्या वर्षीपासून हा उपक्रम नोव्हेंबरात होऊ लागला, कारण तिकडे त्या महिन्यातली कुंद हवा माणसाला घरातच बसवून ठेवते. तीस दिवसांत पन्नास हजार शब्द हे लक्ष्य बेटी यांनी आपल्या कपाटातील एका लहानशा कादंबरीच्या अंदाजावरून धरले होते. पन्नास हजारांना तीसने भागले की दिवसाला १,६६७ शब्द येतात. पुढे ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’, म्हणजे ‘नॅनोरायमो’ या आखूड नावाने जगभरातील असंख्य लोकांनी आपला नोव्हेंबर या आकड्याशी बांधून घेतला. २०२५च्या मार्चअखेर हा उपक्रम चालवणारी संस्था आर्थिक अडचणींमुळे बंद होत असल्याचे जाहीर झाले. ते वाचल्यावर मला मनापासून वाईट वाटले आणि त्याआधीच्या नोव्हेंबराची माझी वही मी पुन्हा उघडली. त्या वहीत रोजची तारीख, त्या दिवशीचे शब्द आणि एकूण शब्द असे तीन रकाने आहेत. हे टिपण त्या रकान्यांवरूनच लिहीत आहे.

पहिला प्रश्न आकड्याचाच होता, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मराठीत लिहिणारे पुष्कळ जण १,६६७ हा आकडा जसाच्या तसा उचलतात आणि दहाव्या दिवशी थकून थांबतात. इंग्रजी शब्द आणि मराठी शब्द ही एकाच मापाची नाणी नाहीत. आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द असतो आणि संगणकही मधली मोकळी जागा पाहून तो एकच मोजतो, तर एवढाच अर्थ सांगायला इंग्रजीला पाच-सहा सुटे शब्द मांडावे लागतात. मी पूर्वी हौसेने केलेल्या काही भाषांतरांची पाने काढून दोन्हीकडचे शब्द मोजले. हजार इंग्रजी शब्दांचा मजकूर मराठीत सुमारे आठशे शब्दांत बसत होता. मजकूर वेगळा असता तर प्रमाण थोडे इकडे-तिकडे झाले असते, पण माझ्यापुरता हिशेब पक्का झाला. पन्नास हजारांच्या जागी चाळीस हजार, आणि दिवसाला १,३३४.

दुसरा प्रश्न महिन्याचा होता. आपल्याकडे नोव्हेंबर हा घरात बसून राहण्याचा महिना मुळीच नाही. २०२४मध्ये १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होते, २ला पाडवा, ३ला भाऊबीज. पत्नीने विचारलेही, “अहो, एक महिना पुढे ढकलला तर नाही का चालणार?” तिचे म्हणणे रास्त होते. पण डिसेंबरात शाळेचे स्नेहसंमेलन, जानेवारीत दहावीची सराव परीक्षा, फेब्रुवारीपासून बोर्ड. कॅलेंडरातला कोणताही महिना रिकामा मिळणार नव्हता हे मला अकरा वर्षांच्या अनुभवाने कळून चुकले होते. निदान नोव्हेंबराच्या पहिल्या पंधरवड्यात दिवाळीची सुट्टी तरी होती.

पहिल्या दिवशी ६०० शब्द झाले. दुसऱ्या दिवशी ४५०. भाऊबीजेला तासगावला बहिणीकडे गेलो आणि एक शब्दही झाला नाही. तीन दिवसांअखेर ४,००२ शब्द हवे होते तेथे १,०५० होते. चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला उठून मी उरलेल्या शब्दांना उरलेल्या दिवसांनी भागले, तेव्हा रोजचे १,४४३ आले. गणिताच्या शिक्षकाला हा भागाकार काही नवा नव्हे, पण त्याचा परिणाम मला नवा होता. आजवर मागे पडलो की मी सुरुवातीकडे परतत असे, जणू पाया कच्चा असल्यानेच भिंत रखडली आहे. या भागाकारात सुरुवातीला जागाच नव्हती. तो फक्त उरलेल्या शब्दांबद्दल आणि उरलेल्या दिवसांबद्दल बोलत होता.

त्या दिवसापासून पहाटे साडेचार ते साडेसहा हा लिहिण्याचा वेळ ठरला. आईला पहाटे जाग असते; ती देवघरात बसे आणि मी स्वयंपाकघरातील टेबलावर. साडेपाचच्या सुमारास ती चहा ठेवी आणि कपाबरोबर फराळाची बशी सरकवी. कादंबरीबद्दल ती कधी विचारीत नसे. एकदाच तिने विचारले, “आज किती झाले रे?” आणि मी आकडा सांगितला. तेव्हा ध्यानात आले की घरातील कोणालाही माझ्या लेखनाबद्दल विचारता येईल असा हा पहिलाच प्रश्न आहे. ‘कसे चालले आहे’ याला माझ्याकडे कधीच धड उत्तर नव्हते. ‘किती झाले’ याला रोज होते.

५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, आणि गावाला त्याचा रास्त अभिमान आहे. एरवी मी त्या दिवसाच्या कार्यक्रमाला जातो. त्या वर्षी गेलो नाही, पण पहाटे लिहिताना भाव्यांच्या नाटकांची आठवण वेगळ्याच कारणाने झाली. त्या नाटकांत लिहून तयार असत ती मुख्यतः सूत्रधाराने म्हणायची पदे. मधली भाषणे नट प्रसंग पाहून आपल्या मनानेच बोलत. म्हणजे ज्या खर्ड्यावर आपली रंगभूमी उभी राहिली त्यात जागा मोकळ्या सोडलेल्या होत्या, आणि त्या सोडण्यात काही कमीपणा मानलेला नव्हता. मी त्याच पहाटे म्हाताऱ्याला पेवात उतरवण्याच्या प्रसंगाशी येऊन अडलो होतो. पेवाच्या आत उतरलेल्या माणसाला काय दिसते, कसला वास येतो, आवाज कसा घुमतो यातले मला काहीच ठाऊक नव्हते. एरवी मी तेथे थांबून आठवडाभर चौकशा केल्या असत्या आणि त्या आठवड्यात कादंबरी पुन्हा थंड पडली असती. त्या दिवशी मी चौकोनी कंसात ‘येथे पेव’ असे लिहिले आणि म्हाताऱ्याला बाहेर काढून पुढच्या वाक्याला लागलो. महिनाअखेर असे बावीस कंस झाले. ते शब्दसंख्येत धरायचे नाहीत, एवढा नियम मी पाळला.

१० तारखेला एकूण १२,३०० झाले. येथून पुढचा आठवडा हा या साऱ्या उपक्रमातील माझ्या लेखी सर्वांत मोलाचा काळ, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे.

मी रोज रात्री दुसऱ्या दिवशीचा प्रसंग मनाशी ठरवून झोपत असे. पहाटे तो लिहायला घेतला की नऊशे-साडेनऊशे शब्दांत तो संपे. हे जवळजवळ रोज घडले, आणि त्याचे कारण माझ्या मते असे की मी प्रसंगाची योजना करताना त्यातून कथेला जे हवे तेवढेच योजीत असे. म्हातारा मुलाला जमीन विकायला नकार देतो. ठीक. नकार दिला, मुलगा निघून गेला, प्रसंग संपला. पण वहीत अजून चारशे-पाचशे शब्दांची जागा रिकामी असे आणि घड्याळात अर्धा-पाऊण तास शिल्लक असे. मग नकार देऊन झाल्यावर म्हातारा काय करतो? तो ओसरीवर बसतो. कोण येते? सून येते. ही सून माझ्या आराखड्यात केवळ नावापुरती होती. ती येते आणि सासऱ्याला विचारते की आपण हळकुंडे अडत्याच्या हवाली करण्याऐवजी घरीच दळून पुडी करून विकली तर काय होईल. हा प्रश्न मी योजलेला नव्हता. तो १२ नोव्हेंबरच्या शेवटच्या चारशे शब्दांतून आला, आणि दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हा माझ्या मनात म्हाताऱ्याआधी ती उभी होती. पुढच्या पाच दिवसांत तिने गिरणी लावली, दोन बायका कामाला घेतल्या, नवऱ्याशी अबोला धरला, बचत गटाच्या बैठकीत भांडण केले. दोन पुरांच्या मधली जी चौदा वर्षे मला इतके दिवस सापडत नव्हती, ती म्हाताऱ्याकडे नव्हतीच. त्याचे आयुष्य २००५ साली पाण्यात गेले होते. ती चौदा वर्षे या बाईने जगली होती आणि मी तिला कधी बोलायला जागाच दिली नव्हती.

रोजच्या आकड्याचा उपयोग काय, असे मला कोणी विचारले तर मी या चारशे शब्दांकडे बोट दाखवीन. पहिले नऊशे शब्द मला आधीच माहीत असलेल्या गोष्टींचे होते, आणि पुढचे ज्यांचे होते त्या गोष्टी मला मनाच्या मर्जीवर लिहिताना कधीच भेटल्या नव्हत्या, कारण मर्जीवर लिहिणारा मी नऊशे शब्दांपाशी समाधानाने उठून जात होतो.

अर्थात याच चारशे शब्दांत पुष्कळ भरताडही आले. एका पहाटे माझी दोन माणसे बसथांब्यावर भेटली आणि त्यांनी सुमारे दोनशे शब्द केवळ एकमेकांची ख्यालीखुशाली विचारण्यात घालवले. दुसऱ्या एका दिवशी हरभट रोडवरील दुकाने मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने लिहून काढली. आकडा पुरा झाला, पण त्या दिवशी दिवसभर शाळेत मला अपराध्यासारखे वाटत राहिले. लिहिणाऱ्याने स्वतःचीच परीक्षा घेऊन स्वतःलाच गुण द्यायचे असतील तर ते गुण खरे हवेत. मी पुढे असे ठरवले की लिहिताना जे निव्वळ जागा भरण्यासाठी लिहिले आहे हे मला त्याच क्षणी कळत असेल, ते खोडायचे नाही, पण मोजायचेही नाही. त्यामुळे १४ आणि १५ तारखेचे आकडे पडले. त्याचे मला दुःख नाही.

घड्याळ लावून शब्द मोजणे हे साहित्याला कमीपणा आणणारे आहे, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप हे टपाल खात्यात नोकरी करीत आणि पहाटे साडेपाचपासून तीन तास, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला २५० शब्द या गतीने लिहीत. हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे. दस्तयेव्हस्की यांनी १८६६च्या ऑक्टोबरात, प्रकाशकाशी केलेल्या जाचक कराराची मुदत चुकू नये म्हणून, एक संपूर्ण कादंबरी २६ दिवसांत लघुलेखिकेला सांगून लिहवून घेतली. आणि आपल्याकडे हरिभाऊ आपटे यांनी १८९०मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले, त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध झाल्या. दर आठवड्याला अंक निघायचा, म्हणजे मजकूर छापखान्यात जायचाच. मराठी सामाजिक कादंबरी घडली ती अशा आठवडी मुदतीत. या थोरांशी माझी बरोबरी मी करीत नाही. पण मुदत आणि मोजमाप यांनी लेखन खुजे होते हे म्हणणे यांच्या कामाकडे पाहिले तर टिकत नाही.

१८ तारखेला एकूण २३,१०० झाले होते आणि मी लक्ष्याच्या केवळ नऊशे शब्द मागे होतो. पण २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते आणि मला निवडणुकीचे काम लागले होते. १९ला सकाळी साहित्य वाटपाच्या ठिकाणी हजर राहून, मतदान यंत्रे आणि पाकिटे तपासून घेऊन, आम्ही दुपारी जत तालुक्यातील एका गावच्या शाळेत पोहोचलो. केंद्र लावून झाले, फलक चिकटवून झाले, गावकऱ्यांनी भाकरी आणि पिठले आणून दिले, आणि सोबतचे कर्मचारी सतरंजीवर आडवे झाल्यावर मी चौथीच्या वर्गातील एका ठेंगण्या बाकावर बसून वहीत हाताने लिहू लागलो. संगणक नव्हता, म्हणून ओळी आणि ओळीतील शब्द मोजून हिशेब केला. ३४० झाले. हाताने लिहिलेल्या त्या दोन पानांत सून पहिल्यांदा सासऱ्याचे नाव घेऊन रडते, आणि त्या खर्ड्यातील जो भाग मी आजवर एका शब्दानेही बदललेला नाही तो तेवढाच आहे. दुसऱ्या दिवशी साडेपाचला यंत्रांच्या चाचणीचे अभिरूप मतदान, सातला प्रत्यक्ष मतदान, सहाला समाप्ती, मग मोहोरबंदी आणि साहित्य जमा करण्याची रांग. घरी आलो तेव्हा तारीख बदलली होती. २० नोव्हेंबरच्या रकान्यात शून्य आहे.

उरलेल्या दहा दिवसांत रोज १,६५६ हवे होते. ते सगळे दिवस सारखे गेले नाहीत, आणि त्यांतील बहुतेकांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. मी उठलो, लिहिले, शाळेत गेलो. २०१९चा पूर लिहायला मात्र अपेक्षेपेक्षा सोपा गेला. पावसाळ्यात सांगलीतला माणूस सकाळी उठल्याउठल्या पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते विचारतो. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे येथे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. तो आकडा दर तासाला कसा चढत गेला होता हे आईने मला दिवसवार सांगितले, कारण तेव्हा ती गावभागात मावशीकडे होती आणि दुसऱ्या मजल्यावरून तिला नावेने बाहेर काढले होते. पूर लिहिताना मी तिचे आकडे लिहिले.

३० नोव्हेंबरच्या रात्री एकूण ३८,४७० झाले. चाळीस हजार झाले नाहीत. पण कादंबरीही संपली नव्हती, त्यामुळे थांबण्याचे काही कारण नव्हते. ३ डिसेंबरच्या पहाटे ती ४१,२०० शब्दांवर संपली. मी तो खर्डा फडताळात ठेवला आणि मकरसंक्रांतीपर्यंत उघडला नाही. उघडल्यावर सलग वाचला. जवळपास पंधरा हजार शब्द काढून टाकावे लागतील असे दिसले, आणि ज्या पहिल्या प्रकरणावर मी अकरा वर्षे घालवली होती ते त्यात सगळेच्या सगळे गेले, कारण कादंबरी आता सुनेच्या प्रश्नापासून सुरू होते.

बावीस कंस उरले होते. जानेवारीअखेर एका रविवारी मी सायकलने हरिपूरला गेलो. संगमेश्वराच्या देवळात डोके टेकवून बाहेर आलो आणि पेवांच्या व्यवसायात आयुष्य घालवलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांच्या ओसरीवर दुपारपर्यंत बसलो. त्यांनी सांगितले की पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. तोंड उघडे ठेवून आतली कोंदट हवा जाऊ द्यायची, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा, आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरायचे. माझा म्हातारा खर्ड्यात पेव उघडून सरळ आत उतरला होता. मी त्यांना विचारले, “काका, कंदील विझला तर?” ते म्हणाले, “तर त्या दिवशी काम बंद. दुसऱ्या दिवशी बघायचं.”

‘येथे पेव’ लिहिले होते तेथे आता २१० शब्द आहेत, आणि ते लिहायला मला नऊ दिवस लागले. मार्चमध्ये मार्केट यार्डात जाऊन हळदीच्या सौद्याचा कंसही भरून आलो. असे करीत करीत आता अठरा राहिले आहेत.